प्रॅक्टिकलच्या जर्नलात नसलेला प्रयोग

महोदय,

संगणक अभियांत्रिकीची मुले नोकरीला लागली की त्यांना सगळे पहिल्यापासून शिकवावे लागते, अशी तक्रार आम्ही या धंद्यातली माणसे नेहमी करतो, पण नेमके काय शिकवावे लागते हे क्वचितच सांगतो. त्यातली एक गोष्ट, प्रोग्राममधले इव्हेंट नीट हाताळण्याची, येथे मांडतो.

मुंबईतील एका पतपेढीच्या सॉफ्टवेअरमधला दोष शोधण्याचे काम गेल्या वर्षी माझ्याकडे आले. सकाळी पहिल्या खातेदाराने हप्ता भरला की पावती एकच निघे, दुसऱ्याला दोन, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत पावत्यांची चळत बाहेर पडू लागे. खिडकीवरच्या बाई जादा पावत्या फाडून टोपलीत टाकत. त्यापायी प्रिंटरही एकदा बदलून झाला होता, आणि तो बिचारा निर्दोष होता.

ब्राउझरमध्ये क्लिकसारखे इव्हेंट, म्हणजे काही घडल्याच्या सूचना, आयते मिळतात. त्यांच्या जोडीला प्रोग्रामर स्वतःचेही इव्हेंट तयार करू शकतो, त्यांना कस्टम इव्हेंट म्हणतात. एका भागाने ‘हप्ता जमा झाला’ अशी हाळी द्यायची आणि त्या नावाला ज्यांनी लिसनर, म्हणजे हाळी ऐकली की चालणारी फंक्शने (कोडचे तुकडे), जोडले असतील त्यांनी आपापले काम करायचे; ऐकणारे कोण आणि किती, हे हाळी देणाऱ्याला ठाऊक असावे लागत नाही. सोय आहे ती यातच आणि घोटाळाही यातच. पतपेढीच्या प्रोग्राममध्ये खात्याचे पान उघडले की पावती छापणारा नवा लिसनर डॉक्युमेंटला, म्हणजे आतली पाने बदलली तरी ब्राउझरमध्ये कायम राहणाऱ्या मूळ पानाला, जोडला जाई, पण पान बंद होताना तो काढला जात नसे. तेच फंक्शन त्याच इव्हेंटला पुन्हा जोडले तर ब्राउझर दुसरी नोंद करत नाही. मात्र दर वेळी जागच्या जागी लिहिलेले निनावी फंक्शन त्याच्या लेखी नवेच असते, आणि काढू म्हटले तर हाती धरायला त्याचे नावही नसते. फंक्शन एकदाच बाहेर लिहून पान बंद होताना लिसनर काढणाऱ्या रिमूव्हइव्हेंटलिसनर या आज्ञेला तेच दिले, आणि पावती पुन्हा एकावर आली.

हा दोष निदान कागदावर दिसला. इव्हेंटच्या नावात एका ठिकाणी लहान आणि दुसऱ्या ठिकाणी मोठे अक्षर पडले तर कोणतीही एरर न येता काम नुसते होत नाही. ‘बबल्स’ हा पर्याय मुद्दाम चालू केला नाही, तर कस्टम इव्हेंट वरच्या एलिमेंटपर्यंत (पानाच्या ज्या भागात तो घडला त्याला सामावणाऱ्या भागापर्यंत) चढत नाही, आणि तिथला लिसनर वाट पाहत राहतो. मला सर्वांत धोक्याचे वाटते ते असे की, लिसनरमध्ये झालेली चूक इव्हेंट पाठवणाऱ्या कोडपर्यंत पोहोचत नाही. ती कन्सोलमध्ये, म्हणजे प्रोग्रामरसाठीच्या नोंदींच्या खिडकीत, उमटते आणि पुढचा कोड चालूच राहतो. पैशांच्या व्यवहारात याचा अर्थ असा की, नोंद झालेली नसतानाही ‘जमा झाले’ असा संदेश झळकू शकतो.

मुलाखतीला येणाऱ्या मुलांच्या जर्नलांत मला बटण दाबल्यावर अलर्ट दाखवणारा प्रयोग हमखास दिसतो. लिसनर काढण्याचा प्रयोग अजून एकातही दिसलेला नाही. मुंबईतील महाविद्यालयांना माझी विनंती आहे की, व्हायवात ‘इव्हेंट म्हणजे काय’ हे पाठ केलेले उत्तर ऐकण्याऐवजी परीक्षकांनी विद्यार्थ्याला त्याच्याच प्रोजेक्टमधले एक पान, ब्राउझर रिफ्रेश न करता, तीनदा उघडून बंद करायला लावावे, आणि चौथ्यांदा उघडून बटण दाबल्यावर लिसनर किती वेळा चालला, ते विचारावे.

– एक सॉफ्टवेअर अभियंता, दादर, मुंबई