वेशीवर रोषणाई नंतर, आधी मुतारी बांधा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या गावांच्या पेठा पर्यटकांसाठी सजवाव्यात, हा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. तळमळ पोचली. फक्त 'कारंज्याची दिल्ली वेस' म्हणून छापलेला फोटो चंद्रपूरच्या जटपुरा गेटचा आहे. आमच्या पानवाल्यानेही तो ओळखला.

दुकानांना एकसारखा रंग, जुन्या धाटणीचे दिवे, वेशीवर रोषणाई, सेल्फी पॉइंट. वा! आता आमचं ऐका.

गेल्या थंडीत साडूंच्या ओळखीचं एक पुण्याचं कुटुंब समृद्धी महामार्गावरून इकडे कारंज्याला आलं. गुरुमंदिरात दर्शन झालं, प्रसाद झाला. श्रीनृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून इथे वर्षभर गाड्या येतात आणि मंदिराच्या दारातूनच परत वळतात. हे मात्र म्हणाले, "काका, गाव दाखवा." मला कोण आनंद! जैन मंदिरांतलं लाकडी कोरीवकाम दाखवलं. कस्तुरीच्या हवेलीची गोष्ट सांगितली. सावकाराने उंटावरची कस्तुरी विकत घेऊन बांधकामाच्या चुन्यात कालवली म्हणतात. १६७० साली शिवाजी महाराजांच्या फौजेने ही पेठ लुटली, म्हणजे तेव्हा इथे लुटण्याजोगं काहीतरी होतं, हेही सांगून झालं.

वेशीपाशी आलो तर कमानीवर कोण्या भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. खाली शुभेच्छुकांचे हात जोडलेले चेहरे, मधून कुठेतरी दगड दिसतोय. तेवढ्यात पाहुण्यांतल्या आजींनी आमच्या सौ.च्या कानात काहीतरी विचारलं. झालं! दर्शनीय स्थळं तिथेच संपली. अख्खं बिऱ्हाड आमच्या घरी आणलं आणि संडासासमोर रांग लागली. मग चहा ठेवला, तर एकाही बाईने कपाला हात लावला नाही. पाणीसुद्धा नको. "अजून शेगाव गाठायचंय ना," म्हणाल्या.

ते गेल्यावर सौ. म्हणाली, "पाव्हन्याइचं त एका दिवसाचं हाय. बजारात भाजी इकाले बसतात त्या बाया त रोजच पानी पेत नाईत." मी या गल्लीत जन्मलो, पण हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. खेड्यावरून सकाळच्या गाडीने टोपली घेऊन आलेली बाई संध्याकाळपर्यंत कशी बसते, हे तुमच्या लेखकांनी एकदा विचारावं. मी त्याबद्दल एका कार्यालयात रीतसर अर्ज दिला. उत्तर आलं, 'जागा उपलब्ध नाही.' सेल्फी पॉइंटला मात्र जागा सापडेल, खात्री आहे.

राहिला जुन्या वाड्यांचा प्रश्न. भावाभावांच्या हिस्स्यात अडकलेला वाडा दुरुस्त कोण करणार? सागवानी खांब दलाल उचलून नेतात, ते कुठल्यातरी रिसॉर्टात 'हेरिटेज' म्हणून उभे राहतात, आणि इथे त्या जागी शटरचे गाळे निघतात. त्यांना एकसारखा रंग दिला म्हणून पेठ जुनी होत नाही.

पुढच्या लेखात रंगांऐवजी एवढंच छापा: कोणत्या गावच्या पेठेत बायकांसाठी किती स्वच्छतागृहं आहेत, त्यांतली उघडी किती, आणि कुलपाची चावी कोणाकडे असते.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
कारंजा (लाड), जि. वाशीम

ता. क. : पर्यटकच आणायचे तर आमची शकुंतला आगगाडी काय वाईट होती? मूर्तिजापूर–यवतमाळ, अरुंद रूळ, आमच्या गावावरून जाणारी. 'शकुंतला लवकरच धावणार' ही बातमी तुमच्याच पेपरात मी निवडणुकीगणिक वाचत आलो आहे. रुळांत बाभळी माजल्यात. आता निदान ती बातमी तरी बंद करा.