किमान इन्स्टॉलची तुझी यादी

प्रिय मित्रा,

लिनक्सच्या किमान इन्स्टॉलसाठी, म्हणजे अगदी गरजेपुरत्या पॅकेजांसाठी, तू केलेली यादी दोनदा वाचली. पॅकेजं निम्म्यावर आणलीस, मनापासून आवडलं. पण तू एडिटर काढलास आणि मॅन पेजेस (कमांडची मदतपानं) ठेवलीस, हे काही मला पटेना.

मागे मीही अशीच छाटणी केली होती. मशीन सुरू झालं, लॉगिन झालं, आणि मग कळलं की वायफायचं फर्मवेअरच (वायफायची चिप चालवणारं सॉफ्टवेअर) डिस्कवर नाही. ते उतरवायला नेटवर्क हवं आणि नेटवर्कला तेच फर्मवेअर! शेवटी दुसऱ्या मशीनवरून पेनड्राइव्हने आणलं. तेव्हापासून मी प्रत्येक पॅकेजबद्दल एवढंच बघतो: हे नसताना हे मागाहून आणता येईल का? येत असेल तर बिनधास्त काढ. मॅन पेजेस येतात. कर्नल (सिस्टमचा गाभा), बूटलोडर (तो सुरू करणारा प्रोग्राम), शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम), पॅकेज मॅनेजर आणि नेटवर्कपर्यंत नेणारं सगळं मात्र आत हवं. सीए-सर्टिफिकेट्सही (सर्व्हर खरा आहे का हे पडताळायला लागणारी प्रमाणपत्रं) ठेव. डेबियन या लिनक्स वितरणाच्या 'मिनबेस' या लहानशा मूळ संचात ती नसतात, आणि ती नसली की एचटीटीपीएसवरची रिपॉझिटरी (पॅकेजांचा साठा) चालत नाही.

एडिटरचंही तसंच. एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे जोडायची हे सांगणाऱ्या फाइलमध्ये) एक ओळ चुकली की मशीन इमर्जन्सी शेलमध्ये अडकतं. तिथे बहुधा नेटवर्क नसतं, मग नॅनोसारखा एडिटर आणणार कुठून? आर्च या दुसऱ्या वितरणाने 2019 मध्ये 'बेस' ग्रुपच्या जागी मेटा-पॅकेज (फक्त इतर पॅकेजं ओढून आणणारं पॅकेज) आणलं, त्यात कर्नलही नाही आणि एडिटरही नाही. कंटेनरला (दुसऱ्या मशीनच्या आत वेगळी चालणारी छोटी सिस्टम) ते चालतं, कारण तो त्या मशीनचा, म्हणजे होस्टचाच, कर्नल वापरतो. तुझं इन्स्टॉल खऱ्या हार्डवेअरवर जाणार आहे.

डेबियनच्या पॉलिसीतली 'इम्पॉर्टंट' पॅकेजची कसोटी मला फार आवडते: जे दिसलं नाही तर जुनाजाणता युनिक्सवाला "हे काय चाललंय, ते गेलं कुठे?" म्हणेल, ते इम्पॉर्टंट. अर्थात सवयी बदलतात. डेबियन 12 मध्ये, 2023 साली, लॉग (सिस्टमच्या नोंदी) लिहिणारं आरसिसलॉग या वर्गातून बाहेर पडलं, कारण लॉगसाठी सिस्टमडीचं जर्नल पुरतं. तेव्हा ते तू काढलंस ते बरोबरच केलंस.

जागाच वाचवायची असेल तर एपीटीचे (डेबियनच्या पॅकेज मॅनेजरचे) 'रेकमेंड्स', म्हणजे सोबत सुचवलेली पॅकेजं, बंद कर. मात्र पर्ल-बेसला हात लावू नकोस, डेबियनमध्ये ते इसेन्शियल, म्हणजे काढू नये असं, आहे.

यादी पक्की करण्याआधी एफएसटॅबमध्ये मुद्दाम एक चूक कर, नेटवर्कची केबल काढ, रीबूट कर आणि तुझ्या यादीतल्या पॅकेजांवरच मशीन सावरून दाखव. काय झालं ते सविस्तर लिही. मी वाट बघतोय.

तुझाच,
मित्र