कामगाराला कामावर काही ठरवता येते का?

महोदय,

नोकरदारांच्या समाधानाविषयी वृत्तपत्रांतून जे लिहिले जाते, त्यात पगारवाढ, सुट्ट्या, घरून काम करण्याची मुभा आणि कार्यालयातील सोयीसुविधा यांचीच चर्चा अधिक असते. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांच्या उत्पादन विभागात उमेदीची वर्षे घालवलेला एक निवृत्त पर्यवेक्षक या नात्याने मला असे वाटते की, या गोष्टी नसल्या तर माणूस नाराज होतो हे खरे असले, तरी त्या मिळाल्या म्हणून तो कामात रमतोच असे नाही. रमण्यासाठी हातातल्या कामाबद्दल काही ठरवण्याचा अधिकार त्याच्याकडे असावा लागतो आणि नेमका तोच देताना आपल्याकडील व्यवस्थापनाचा हात आखडतो.

नाराजी दूर होणे आणि समाधान मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये मांडले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग परिसरातील सुमारे २०० अभियंत्यांना आणि हिशेबनिसांना नोकरीतले विशेष चांगले व विशेष वाईट प्रसंग सांगायला लावले. वाईट प्रसंगांत कंपनीचे नियम, वरिष्ठांची देखरेख, कामाची परिस्थिती यांच्या तक्रारी होत्या. चांगल्या प्रसंगांत मात्र काही तडीस नेल्याचे, त्याची दखल घेतली गेल्याचे, जबाबदारी मिळाल्याचे उल्लेख होते. माणूस यशाचे श्रेय स्वतःकडे घेतो आणि अपयशाचे खापर परिस्थितीवर फोडतो, त्यामुळे अशा मुलाखतींतून असेच निष्कर्ष निघणार, असा आक्षेप पुढे घेतला गेला आणि तो रास्तही आहे. म्हणूनच मला मुलाखतींपेक्षा प्रत्यक्ष कारखान्यातला पुरावा अधिक मोलाचा वाटतो. तो आपल्या शेजारच्या अहमदाबादेतच आहे.

तेथील कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित माग बसवूनही उत्पादन आणि कापडाचा दर्जा समाधानकारक नव्हता. कामाच्या ठिकाणच्या मानवी संबंधांचा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस यांनी १९५३ मध्ये त्या मागांच्या शेडची पाहणी केली, तेव्हा २२४ मागांवर २९ कामगार असून त्यांची कामे १२ प्रकारांत वाटलेली होती. विणकराकडे २४ ते ३२ माग, बॅटरी भरणाऱ्याकडे (म्हणजे मागाला सुताच्या कांड्या पुरवणाऱ्याकडे) ४० ते ५०, मागांची देखभाल-दुरुस्ती पाहणाऱ्या जॉबरकडे ११२, अशा एकमेकांशी न जुळणाऱ्या वाटण्यांमुळे कोणी कोणाबरोबर काम करायचे हेच ठरलेले नव्हते. धागा तुटला की ज्याला हाक मारायची तो दुसऱ्याच ओळीत गुंतलेला असे. कामगार आळशी नव्हते, यंत्रेही बिघडलेली नव्हती. ठरावीक मागांची पूर्ण जबाबदारी एकेका लहान गटाकडे द्यावी, ही सूचना पुढे येताच पर्यवेक्षकांनी आणि कामगारांनी ती उचलून धरली व गट स्वतःच जमवले. कोणी कोणाच्या मदतीला जायचे हे गटातच ठरू लागले. सुरुवातीचे काही चढउतार सोडले तर उत्पादन वाढले आणि खराब कापडाचे प्रमाण घटले. कापड कसे उतरले याचा जबाब द्यायला आता एक गट होता आणि ते सुधारण्याची मोकळीकही त्याच गटाकडे होती.

या प्रयोगाला सत्तर वर्षे उलटून गेली, तरी रबाळे-महापे भागातील अनेक युनिटांत आजही कामाची विभागणी कॅलिकोच्या त्या जुन्या शेडसारखीच आहे. मी ज्या कारखान्यांत होतो, तेथे मशीनच्या आवाजावरून बेअरिंग गेल्याचे ओळखणारे ऑपरेटर होते. परंतु मशीन थांबवायचे तर पर्यवेक्षकाची, म्हणजे माझी, परवानगी लागे आणि मला वरच्या साहेबांची. तोवर माल रिजेक्ट होत राही. अशा माणसाला दिवाळीला चांगला बोनस दिला तर तो आनंदाने घेईल, पण दुसऱ्या दिवशी तो आवाज पुन्हा ऐकू आल्यावर सांगायला येईलच याची खात्री कोणी देऊ नये. ऐरोलीच्या वातानुकूलित कार्यालयांतली परिस्थिती फार वेगळी असेल असे समजण्याचे कारण नाही. ग्राहकाची अडचण समजलेली असूनही लिहून दिलेली वाक्येच बोलावी लागत असतील आणि प्रत्येक कॉलचे सेकंद मोजले जात असतील, तर तेथील तरुणाचे दुखणे या ऑपरेटरचेच आहे.

हे दुखणे केवळ मनाचे नाही. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ मायकेल मार्मट यांनी १९८५ पासून लंडनमधील दहा हजारांहून अधिक सरकारी कर्मचाऱ्यांचा जो दीर्घकाळ अभ्यास केला, त्यात कामावर स्वतःचे नियंत्रण कमी असलेल्यांना हृदयविकाराचा धोका अधिक आढळला. ही सर्व माणसे पांढरपेशा सरकारी नोकरीतली होती, हे लक्षात घ्यावे.

ठाणेकरांना येथे प्रवासाची आठवण होणे साहजिक आहे. टेक्सासमधील ९०९ नोकरदार स्त्रियांच्या दिनक्रमाचा जो अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सकाळचा कामावर जाण्याचा प्रवास हा दिवसातील सर्वांत नकोशा गोष्टींपैकी एक ठरला होता. (त्या बायांनी घोडबंदर रस्ता पाहिलेला नव्हता.) रस्ता किंवा लोकलची गर्दी कंपनीच्या हातात नाही, हे मान्य. परंतु ज्या खात्यात शिफ्ट बदलण्याचा प्रश्न नसतो, तेथे आठला यायचे की दहाला, हे कर्मचाऱ्याला ठरवू देणे कंपनीच्या हातात आहे, आणि त्याला खर्चही येत नाही.

एका बाबतीत माझा गैरअर्थ काढला जाऊ नये. आमच्या पट्ट्यातील बरेचसे काम आज कंत्राटी कामगार करतात. ज्याला पगार वेळेवर मिळत नाही, ज्याचा पीएफ भरला जातो की नाही याचीच शंका आहे, त्याला जबाबदारीतल्या आनंदाचे धडे देणे ही क्रूर थट्टा होईल. त्याचे पैसे आधी चुकते झाले पाहिजेत. परंतु पैसे चुकते केले की आपले कर्तव्य संपले, असे मानणारे मालकही मी पाहिले आहेत. त्यांच्याकडचा चांगला फिटर दोन हजार रुपयांसाठी शेजारच्या प्लॉटवर गेला, की ते त्याच्या लोभाला नावे ठेवतात. ज्या ठिकाणी त्याला कोणी काही विचारत नव्हते, तेथे थांबण्यासाठी दुसरे कारण त्याच्याकडे उरलेच कोणते होते?

अधिकार खाली देण्यास खरा विरोध बहुतेकदा मालकाकडून होत नाही, तो मधल्या फळीकडून होतो. ऑपरेटरने स्वतः मशीन थांबवले तर आमची गरज काय, ही धास्ती पर्यवेक्षकांना असते. ती अगदी खोटीही नाही. म्हणून त्यांचे काम आधी बदलावे लागेल. परवानगी देण्याऐवजी सुटे भाग वेळेवर आणून देणे आणि नव्या मुलांना शिकवणे, हे त्यांच्याकडे सोपवले आणि अप्रेझलमध्ये तेच मोजले, तर त्यांचा विरोध पुष्कळसा मावळेल.

अनेक कंपन्या वर्षातून एकदा समाधानाची प्रश्नावली भरून घेतात. त्यांनी त्यात ‘गेल्या महिन्यात आपल्या कामाविषयी कोणती गोष्ट आपण कोणालाही न विचारता ठरवली?’ हा एक प्रश्न घालावा, तो कंत्राटी कामगारांनाही मराठीत व हिंदीत विचारावा आणि आलेली उत्तरे, नावे वगळून, खातेनिहाय सूचनाफलकावर लावावीत.

आपला,
एक निवृत्त उत्पादन पर्यवेक्षक
ठाणे (पश्चिम)