कॅल्क्युलसच्या नावाखाली

बंड्या,

हे व्हॉट्सॅपवरच लिहायला घेतलं होतं, पण तू लांब मेसेजला अंगठा दाखवून मोकळा होतोस म्हणून मेल करतोय. घरी बसून वाच, ऑफिसात नको. तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू आहे, शोनंतर डाव्या कानात शिट्टी वाजत राहते, डॉक्टरीणबाई म्हणाल्या इअरप्लग घाला, घालतो. झालं तब्येतीचं.

तर काल रात्री गिलमनला होतो. गेल्या दिवाळीत व्हिडिओ कॉलवर तू चिऊला सांगितलंस ना की काका शनिवारी बारमध्ये जाऊन पोरांचे फोटो काढतो, तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलंय ते. एकदाच सांगतो. 924 गिलमन हा बार नाही, पंक रॉक बँडच्या शोजची जागा आहे. तिथे दारू मिळत नाही, बाहेरून घेऊनही जाता येत नाही, दारू नाही ड्रग्ज नाही मारामारी नाही वंशद्वेष नाही असं सगळं आत लिहून ठेवलंय. इथे कॅलिफोर्नियात, बर्कलीत, गोदामांच्या बाजूला. 31 डिसेंबर 1986 ला सुरू झालं आणि अजून व्हॉलंटियर लोकच चालवतात, दारात तिकीट फाडणारी पोरगी, साउंडवाला, शो झाल्यावर झाडू मारणारा, सगळे फुकट काम करतात. कुठल्याही वयाच्या पोराला आत घेतात, मुद्दा तोच तर आहे. ग्रीन डे ही बँड तिथे वाजवून वाजवून मोठी झाली आणि मोठ्या कंपनीशी करार केल्यावर त्याच दारातून त्यांना नाही म्हणाले, मोठ्या लेबलचे बँड इथे वाजवणार नाहीत हा नियम. 2015 मध्ये परत वाजवलं त्यांनी, तेही एका मदतीच्या शोसाठी. (ग्रीन डेची ती कॅसेट माझी होती, तू परत दिली नाहीस, हेही जाता जाता.)

इथल्या आपल्या मराठी मंडळाच्या पिकनिकला पार्किंग लॉटमध्ये गाडीच्या डिकीमागे काका लोकांचं जे काय चालतं त्यापेक्षा गिलमन शंभर पट सोवळं आहे. हे मी उगाच सांगत नाहीये, पुढे लागणार आहे.

काल लोकल पोरांचा बँड होता, हार्डकोर, म्हणजे पंकचाच आणखी वेगवान, कर्कश प्रकार. नाव सांगत नाही, तू गूगल करशील. गाणी दीड-दीड मिनिटाची, संपलं म्हणून टाळी वाजवायला हात वर करावा तर पुढचं सुरू. मी नेहमीसारखा स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात, स्पीकरला पाठ लावून. 24 ची लेन्स, एफ 8, फोकस हाताने पाचेक फुटावर लावून वर टेप चिकटवलेला, कारण पिटमध्ये, म्हणजे स्टेजसमोर गोलात चालणाऱ्या धक्काबुक्कीत, ऑटोफोकस म्हणजे नुसता ताप, तो आपला शोधत बसतो आणि तोवर माणूस तुझ्या डोक्यावरून जाऊन मागे पडलेला असतो. शटर सेकंदाचा एक पंधरांश आणि फ्लॅश. माणूस फ्लॅशने जागच्या जागी थिजतो आणि मागचे दिवे रेघा होऊन ओढले जातात. बाकी काही नाही, कोपरं सांभाळायची. ते आपण लक्ष्मी रोडवर विसर्जनाला शिकलोय. फरक एवढाच की इथे कोणी पडलं तर चार जण लगेच थांबून उचलतात, एकाचा चष्मा पडला तर आख्खा गोल थांबवून मोबाईलच्या उजेडात शोधला होता. लक्ष्मी रोडवर तुझी चप्पल गेली ती गेली.

मला तिथे सगळे 'कॅमेरा अंकल' म्हणतात, आता अर्धं डोकं पांढरं झाल्यावर काय म्हणणार. पण मजा येते रे. आठवडाभर मीटिंगमध्ये 'साउंड्स गुड' म्हणायचं आणि शनिवारी कोणाचा तरी बूट खांद्यावर घेऊन घरी यायचं. आमची ही म्हणते मिडलाइफ क्रायसिस, लोक निदान गाडी तरी घेतात.

तर तिसऱ्या-चौथ्या गाण्याला गाणाऱ्याने माईक गर्दीत घातला. सगळे तुटून पडले, एकावर एक, नुसता ढीग. मी न बघताच कॅमेरा डोक्याच्या वर धरून दाबला. मागे स्क्रीनवर बघतो तर ढिगाच्या पार वर एक पोरगी, माईक दोन्ही हातांनी धरलेला, तोंड एवढं उघडं की पडजीभ दिसावी, गालावर कोणाचा तरी पंजा, मागे लाल दिव्यांच्या रेघा. बंड्या, इतकी वर्षं काढतोय, असा फोटो मला मिळालेला नाही. फोकससकट. मी तिथेच ओरडलो, अर्थात कोणाला ऐकू जाणार.

मग झूम केलं. आणि कपाळावर हात मारला.

ढोलवाल्या वहिनींची मोठी!

हो, तीच. जिला तू आला होतास तेव्हा मंडळाच्या गणपतीत अथर्वशीर्ष म्हणताना बघून 'किती गुणी पोर' म्हणाला होतास. सतरा वर्षांची. तिने मला बघितलं, मी तिला, आणि दोघांच्या तोंडून एकदमच 'तुम्ही इथे?' आणि 'तू इथे?' बाहेर फुटपाथवर आली, घामाने निथळत होती, म्हणाली काका प्लीज आईला सांगू नका, घरी कॅल्क्युलसचा ग्रुप स्टडी सांगितलाय. फ्रीमाँटहून बार्टने, म्हणजे इथल्या लोकलने, नॉर्थ बर्कली स्टेशन, तिथून चालत. बरेच महिने चाललंय म्हणे. मार्क उत्तम आहेत. आणि पुढच्याच वाक्यात, काका तो फोटो मला पाठवाल?

तुला आता काय आठवत असेल ते मला माहितीये. तेच. सिंहगड एक्सप्रेस, तुझ्या आप्पांना सांगितलेली इंडस्ट्रियल व्हिजिट, मुंबईचं रंगभवन, तिथला आय-रॉक हा रॉक शो, तू कोणाच्या तरी खांद्यावर उघडाबंब आणि गळ्यात आप्पांचा मफलर. आणि तो फोटो. मी शेवटचं सांगतो, मी तो आप्पांना दाखवला नाही. लॅबवाल्याने पाकीट त्यांच्या हातात दिलं कारण रोल तूच आपल्या आडनावावर टाकला होतास, उधारी चालते म्हणून. तू वर्षभर माझ्याशी तुटक बोललास, आणि नंतर तुझ्या लग्नात तोच फोटो स्लाइडशोमध्ये लावायला तूच मागितलास, तेव्हा आप्पाच सगळ्यात जास्त हसले. म्हणून तुलाच विचारतोय. तू त्या फोटोत होतास, मी फक्त काढला होता. आणि आता तू चिऊचा बापही आहेस.

कारण एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. आज सकाळी बँडच्या पोराचा मेसेज, फोटो आम्हाला कॅसेटच्या कव्हरवर हवा. (हो, कॅसेट. परत आल्यात. माझी जपून ठेवली असतीस तर.) मी पोरीला विचारलं, तर ती म्हणते द्या की, बिनधास्त द्या! म्हटलं अगं चेहरा स्वच्छ दिसतोय. म्हणाली आई कुठे पंकच्या कॅसेटी घेते.

आणि दुपारी खुद्द वहिनींचा फोन. शेजारच्या कोणी सांगितलं त्यांना की मी शनिवारी बर्कलीकडे असतो. तर म्हणे, हिचा तिकडे ग्रुप स्टडी असतो, रात्रीची बार्टने येते, जिवाला घोर लागतो, तू येताना आणशील का रे हिला?

सांग आता. हसू नकोस.

हो म्हणावं तर मी त्या थापेचा ड्रायव्हर झालो. नाही म्हणावं तर पोर रात्री अकराला एकटी स्टेशनपर्यंत चालत जाणार, आणि ते मला आता माहीत असूनही. सांगून टाकावं तर उद्यापासून तिचं गिलमन बंद, कारण वहिनींना 'पंक' म्हटलं की सुया आणि सिरिंजा दिसणार, तिथे लिंबूपाणी मिळतं हे कोण ऐकून घेणार. मी फोनवर 'बघतो, कळवतो' म्हणालो, आपल्याकडे पोरगी नाकारताना म्हणतात तसं.

इथे मरी बोल्स म्हणून एक फोटोग्राफर होता, 2019 मध्ये गेला. दिवसा प्रोग्रामर, आपल्यासारखाच, आणि ऐंशीच्या दशकापासून रात्री या भागातल्या पंक शोजचे फोटो. कॅमेरा डोक्यावर धरून, न बघता. मी ते त्याच्याकडूनच उचललंय. तो प्रिंट काढून पुढच्या शोला खोक्यात घालून आणायचा आणि चिल्लर पैशात विकायचा, पोरं खोक्यात स्वतःला शोधत बसायची. मला हे फार आवडतं. फोटो आधी त्यात असलेल्या माणसाकडे जायचा, मग जगाकडे. मीही चार बाय सहाचे काढून वाटतो. म्हणून मी तिला प्रिंट देणार, ते ठरलं. इंटरनेटवर टाकणार नाही, तेही ठरलं, कितीही हात शिवशिवले तरी. पण कव्हर? कॅसेट पन्नासच निघणार असल्या तरी त्या पोरांनी फोनवर टाकलं की झालं, मंडळाच्या ग्रुपवर यायला दोन तास.

मी तिला म्हटलं, तू आधी आईला सांग, मग फाइल देतो बँडला, आणि राईडही देतो, दर शनिवारी. तर म्हणते काका, आईची परमिशन काढून पंक? बोलली ते खरंय, मला उत्तर सुचेना. मग मी म्हटलं, आईला घेऊन ये एकदा. ढोल वाजवते ती बाई, दोन तास न थांबता, आवाजाला घाबरेल असं वाटत नाही मला. यावर पोरगी बराच वेळ गप्प, मग फक्त एक कवटीची इमोजी पाठवली. म्हणजे हसली असं आमची ही म्हणते.

वहिनी खरंच आल्या तर काय, हे माझं मलाच कळत नाहीये. मी तिथे त्यांना 'या या' करणार का? मग माझी ती एकमेव जागा, जिथे कोणी मला मंडळाचा खजिनदार म्हणून ओळखत नाही, तीही गेली. हे आमच्या हिला सांगितलं तर म्हणते, म्हणजे खरी काळजी ही आहे. थोडीफार आहे. तुझ्यापाशी काय लपवायचं.

तुमचं काय? काकूंचं मोतीबिंदूचं झालं का? सोसायटी रिडेव्हलपमेंटला जाणार का अजून तो दुसऱ्या मजल्यावरचा अडवून बसलाय? चिऊला म्हणावं बारावीचा एवढा ताण घेऊ नकोस, तुझ्या बापाचे मार्क मला माहितीयेत. आप्पांच्या कपाटात त्या रोलच्या निगेटिव्ह असतील, त्या माळ्यावर जाण्याआधी काढून ठेव, इथे नीट स्कॅन करतो.

आणि एक विचारतो, खरं सांग. आप्पांना तेव्हा तूच आधी सांगून जाऊ शकला असतास का? सांगितलं असतंस तर पाठवलं असतं त्यांनी? वहिनींना गुरुवारपर्यंत उत्तर द्यायचंय, त्याआधी लिही. अंगठा पाठवलास तर फोन करीन, तुमच्या पहाटे चारला.

तुझा
अव्या