बोर्डवर नुसतं 'डॉ.' नको, शिक्षण पण लिहा

संपादक साहेब, नमस्कार.

आईला पंधरा वर्षांपासून शुगर आहे. दिवाळीनंतर शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून ती इथेच मुलुंडमध्ये एका नॅचरोपॅथीवाल्याकडे (निसर्गोपचारवाल्याकडे) जायला लागली, पोटावर मातीची पट्टी, कारल्याचा रस, सकाळचं चालणं, इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती, पण तिसऱ्या वेळी तो म्हणाला गोळ्या बंद करा आणि आईने केल्या पण, आम्हाला पत्ता नाही. दहा दिवसांत शुगर चारशेच्या वर, दोन रात्री हॉस्पिटलात. मग मी जाऊन त्याच्या भिंतीवरचं सर्टिफिकेट नीट वाचलं तर एक वर्षाचा पोस्टाने केलेला डिप्लोमा! बाहेर बोर्डवर मात्र हे मोठं 'डॉ.'

आता लगेच कोणी म्हणेल नॅचरोपॅथीच भंपक. मी तसं म्हणत नाही, आमचे आजोबा दम्यासाठी उरुळी कांचनला राहून आलेले, गांधीजींनी 1946 साली सुरू केलेल्या आश्रमात, आणि शेवटपर्यंत तिथलं कौतुक करायचे. शिवाय बीएनवायएस म्हणून नॅचरोपॅथी आणि योगाची रीतसर डिग्री आहे, साडेचार वर्षं कॉलेज आणि वर्षभर इंटर्नशिप, अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी सगळं करावं लागतं. ती पोरं साडेपाच वर्षं घासतात आणि शेवटी बोर्ड ह्याच्यासारखाच.

घोळ आहे तो नोंदणीचा. आयुष (AYUSH) मंत्रालयाच्या नावातला 'वाय' म्हणजे योग आणि नॅचरोपॅथी, पण 2020 साली डॉक्टरांच्या शिक्षण-नोंदणीसाठी जे दोन आयोगांचे कायदे झाले त्यात एकात आयुर्वेद, युनानी, सिद्ध, सोवा-रिग्पा (तिबेटी वैद्यक) आणि दुसऱ्यात होमिओपॅथी, नॅचरोपॅथी दोन्हीत नाही. मग पेशंटने नोंदणीचा नंबर बघायचा कुठे? कर्नाटकात 1961 चा नोंदणीचा कायदा आहे, त्याच्या नावातच नॅचरोपॅथी आहे, म्हणजे करायचं म्हटलं तर होतं की. केंद्राचं होईल तेव्हा होईल, तोपर्यंत निदान बोर्डवर डिग्री, किती वर्षांची आणि कुठल्या युनिव्हर्सिटीची एवढं लिहायची सक्ती करा. आणि चालू असलेली गोळी बंद करायची तर ज्याने लिहून दिली त्याला विचारूनच.

एक तुम्हालाही सांगतो, राग मानू नका. 'घरबसल्या एका वर्षात नॅचरोपॅथी डॉक्टर व्हा' ही जाहिरात मी तुमच्याच छोट्या जाहिरातींच्या पानावर वाचलेली आहे. पुढच्या वेळी पैसे घ्यायच्या आधी युनिव्हर्सिटी कुठली ते विचारा.

एक वाचक, मुलुंड (पूर्व)