‘ब्लॅक लेडी’ मेकअपमनच्या घरी कधी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘ब्लॅक लेडी’ ही बाहुली ज्यात दिली जाते, तो फिल्मफेअर पुरस्कारांचा सोहळा जानेवारी २०२४मध्ये गांधीनगरला गेला, तेव्हा मुंबईचे वैभव पळवले म्हणून आपल्याकडे बरीच ओरड झाली. ऑक्टोबर २०२५चा ७०वा सोहळाही गुजरातेतच, अहमदाबादला झाला. सोहळा कुठल्याही गावी होवो, माझी तक्रार पुरस्कारांच्या यादीबद्दल आहे. तीत छायाचित्रण आहे, संकलन, ध्वनी, वेशभूषा, नृत्य, मारामारी आहे, संगणकावरची करामतसुद्धा आहे. मेकअप मात्र नाही.

माझे वडील हिंदी सिनेमात मेकअपमन होते. सेटवर सगळे त्यांना दादा म्हणत. नऊची शिफ्ट असली की ते सहाला हजर, कारण नायकाला म्हातारा करायला दोन-अडीच तास लागायचे. सुट्टीच्या दिवशी घरी खिडकीपाशी बसून ते मिशी विणत. बारीक जाळी, आकड्याची सुई आणि एकेक केस. आम्हा पोरांना तेव्हा पंखा लावायची बंदी होती, उकडून जीव गेला तरी! टीव्हीवर पुरस्कारांचा कार्यक्रम लागला की चित्रपटांच्या तुकड्यांत त्यांचे लक्ष नटाच्या कपाळाकडे असे. ‘विगची जाळी दिसतेय बघ,’ असे म्हणून ते हळहळत, मग तो विग दुसऱ्याच कोणी लावलेला का असेना.

हा प्रश्न भावनेपुरता नाही. ‘द डर्टी पिक्चर’चेच पाहा. राष्ट्रीय पुरस्कारांत विद्या बालन, वेशभूषेसाठी निहारिका खान आणि मेकअपसाठी आपले विक्रम गायकवाड, तिघांचाही गौरव झाला. गायकवाडांना त्याच वर्षी ‘बालगंधर्व’साठीही दाद मिळाली. फिल्मफेअरने २०१२मध्ये त्याच चित्रपटासाठी अभिनेत्रीला बाहुली दिली, वेशभूषेलाही दिली. मेकअपचा रकानाच नव्हता, मग देणार कुठून? गायकवाड मे २०२५मध्ये गेले. पाच महिन्यांनी झालेल्या सोहळ्यातही तो रकाना नव्हताच.

पहिल्या वर्षी, म्हणजे १९५४मध्ये, पुरस्कार अवघे पाच होते, हे मला ठाऊक आहे. यादी हळूहळूच वाढणार. पण ती आपोआप वाढत नाही. ‘चोरी चोरी’च्या संगीताला पुरस्कार मिळाला, तेव्हा सोहळ्यात गाण्याची विनंती घेऊन संगीतकार जयकिशन लताबाईंकडे गेले. त्यांनी साफ नकार दिला. पुरस्कार संगीतकाराला आहे, गाणाऱ्याला नाही, तर मग वादकांनाच वाजवू द्या, असा त्यांचा रोख होता. १९५९मध्ये पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू झाला आणि पहिली बाहुली ‘आजा रे परदेसी’साठी त्यांच्याच हाती आली. मेकअपमनला असे अडून बसता येत नाही. तो अडला तर दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीमागे दुसरा उभा असतो. अडायचे तर खुर्चीत बसणाऱ्याने.

म्हणून संयोजकांना विनंती आहे की पुढच्या सोहळ्यात मेकअप आणि केशभूषेचा पुरस्कार असावा. आणि तो आदल्या संध्याकाळी तंत्रज्ञांच्या छोट्या कार्यक्रमात उरकू नये, मुख्य मंचावर द्यावा. ऑस्करवाल्यांनी २०२२मध्ये मेकअपसह आठ पुरस्कार थेट प्रक्षेपणाआधीच वाटून टाकले होते. त्यावर इतकी टीका झाली, की पुढच्या वर्षी सगळे पुन्हा प्रक्षेपणात आणावे लागले.

जाता जाता एक. ही बाहुली घडवणारे शिल्पकार ना. ग. पानसरे हेही पडद्यामागचेच मराठी कारागीर. वडिलांनी ती एकदा एका नटाच्या घरी हातात घेऊन पाहिली होती. घरी येऊन म्हणाले, ‘चांगली जड आहे, पण चेहऱ्यावर काम कमी केलंय.’

आपली,
एका मेकअपमनची मुलगी,
गोरेगाव, मुंबई