मुलींना खेळाचे वावडे नाही

रविवारच्या पुरवणीतील लेखात ‘व्हिडिओ गेम हा मुलग्यांचाच नाद’ असे म्हटले आहे, ते पटले नाही. १९८० साली जपानमध्ये तोरू इवातानी यांनी ‘पॅक-मॅन’ हा व्हिडिओ गेम घडवला, तो मारधाडीच्या गेम पार्लरकडे मुलींनीही वळावे म्हणूनच. त्यासाठी त्यांनी खेळ खाण्यावर बेतला आणि तो जगभर गाजला. मुली दुरावतात त्या स्त्रीपात्रांच्या चित्रणामुळे. १९९६ च्या ‘टूम्ब रेडर’ या गेममधली नायिका लारा क्रॉफ्ट धाडसी, हुशार, जाहिरातींत मात्र तिचा बांधाच पुढे केला गेला.

माझी नववीतली मुलगी मोबाइलवर लढाईचा खेळ खेळते. त्यातल्या पुरुष सैनिकाला गळ्यापर्यंत चिलखत, स्त्री सैनिकाचे पोट उघडे. “आई, हिला गोळी लागत नाही का?” तिने विचारले. मला उत्तर देता आले नाही. ती खेळताना मुलाचे नाव घेते, माइक बंद ठेवते. मुलीचा आवाज ऐकला की घाणेरडी शेरेबाजी सुरू होते. हे फार चीड आणणारे आहे. नाशिकमध्ये ॲनिमेशन शिकणाऱ्या मुली आहेत. पुढच्या लेखासाठी त्यांना जरूर बोलते करावे.

– एक पालक, इंदिरानगर, नाशिक